सॉफ्टवेअर चाचणी : शोधाला शिस्तीची जोड

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांच्या जगात एक जुना वाद आहे. आज्ञावलीची चाचणी आधी कागदावर नीट आखून घ्यावी, की आज्ञावली समोर ठेवून, ती वापरत आणि तिच्याकडून शिकत पुढची पायरी ठरवावी? पहिल्या पक्षाच्या मते आखणीवाचून केलेली चाचणी ही नुसती भटकंती होय. काय तपासले आणि काय राहून गेले, हे तिच्या अखेरीस कोणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते आधीच लिहून ठेवलेल्या पायऱ्या गिरवणाऱ्याला, ज्याची कल्पना आखणीच्या वेळी कोणालाही आली नव्हती असा दोष क्वचितच सापडतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच या व्यवसायातील अनेक जाणकारांनी मधला आणि अधिक फलदायी मार्ग स्वीकारला आहे : शोध मोकळा असावा, पण शोधणाऱ्याच्या हाती आखणीची शास्त्रशुद्ध साधने असावीत.

हा प्रश्न हिंजवडी किंवा सीप्झमधील कार्यालयांपुरताच आहे, असे मात्र नाही. शेतजमिनीचा उतारा, शिधापत्रिका, शिष्यवृत्ती, पीकविमा अशा कितीतरी गोष्टींची वाट आज संगणकाच्या पडद्यावरील अर्जातून जाते. अर्जाची आज्ञावली लिहिणारा व ती तपासणारा शहरात असतो आणि तिचा परिणाम भोगणारा दूरच्या गावात. पडद्यावर 'अपात्र' असा शब्द उमटला, तर तो कायद्याचा निर्णय आहे की आज्ञावलीतील चूक, हे त्या माणसाला कळण्याचा मार्ग नसतो. चाचणी करणाऱ्याने, म्हणजे टेस्टरने, ती चूक आधी पकडली नाही, तर पुढे ती पकडणारा कोणी उरत नाही.

उधव्याचा एक अर्ज

पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातील उधवा या गावाचे उदाहरण घेऊ. तलासरी हा बहुसंख्य आदिवासी, त्यातही प्रामुख्याने वारली वस्तीचा तालुका. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात तो मोडतो. त्याच्या सीमा गुजरातला आणि दादरा-नगर हवेलीला भिडतात. जमिनीचा प्रश्न या भागाला नवा नाही. १९४५ साली याच तालुक्यातील झरी येथे भरलेल्या परिषदेतून वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला आणि गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे तो मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचला.

या गावातील एक शेतकरी वनजमिनीवरील वैयक्तिक हक्काचा दावा एका संगणकीय अर्जातून नोंदवतो आहे, असे समजू. हा अर्ज आणि त्यातील दोष चर्चेपुरते कल्पिलेले आहेत. ज्या कायद्यावर तो उभा आहे, तो २००६ चा वनहक्क कायदा मात्र खरा आहे. ३१ डिसेंबर २००७ पासून तो अमलात आला. त्यातील काही तरतुदी चाचणीच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. दावेदाराचा जमिनीवरील ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला पाहिजे. मान्य होणारे क्षेत्र प्रत्यक्ष ताब्यातील जमिनीपुरते असेल आणि कोणत्याही परिस्थितीत ते ४ हेक्टरपेक्षा अधिक असणार नाही. दावेदार अनुसूचित जमातीचा नसून 'इतर पारंपरिक वननिवासी' या वर्गातील असेल, तर त्या दिनांकापूर्वी किमान ३ पिढ्यांचे वास्तव्य हवे. कायद्याने एक पिढी २५ वर्षांची मानली आहे, म्हणजे ही मुदत ७५ वर्षांची झाली. दावेदार विवाहित असेल, तर हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवायचा असतो.

अशा अर्जाची चाचणी कशी करावी?

शोधक चाचणी म्हणजे काय?

'एक्सप्लोरेटरी टेस्टिंग' ही संज्ञा अमेरिकेतील चाचणीतज्ज्ञ सेम केनर यांनी १९८४ मध्ये रूढ केली. मराठीत तिला शोधक चाचणी म्हणता येईल. आज्ञावली समजून घेणे, चाचणी आखणे आणि ती करून पाहणे या तीन गोष्टी तीन स्वतंत्र टप्प्यांत न करता एकाच वेळी करणे, हे तिचे मुख्य लक्षण. अनुभवी डॉक्टर रुग्णाला तपासताना ठरावीक प्रश्नावली वाचून दाखवत नाही. पहिल्या उत्तरावरून तो दुसरा प्रश्न ठरवतो. परंतु त्याच्या या मोकळेपणामागे शरीरशास्त्राचे पक्के ज्ञान असते. ते ज्ञान वजा केले, तर उरतात त्या नुसत्या गप्पा.

टेस्टरचे शरीरशास्त्र म्हणजे चाचणी आखण्याची तंत्रे. ती केनर यांच्या संज्ञेहून जुनी आहेत. ग्लेनफर्ड मायर्स यांच्या १९७९ सालच्या 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' या पुस्तकात त्यांतील प्रमुख तंत्रांचे विवेचन आढळते. पुढे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ २९११९ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चौथ्या भागात ती पद्धतशीर नोंदली गेली. ही तंत्रे केवळ कागदी आखणीसाठीच आहेत, हा समज चुकीचा आहे. शोधक चाचणी करणारा तीच तंत्रे मनात वा वहीच्या कोपऱ्यात वापरतो. फरक इतकाच की, तो त्यांच्या उत्तरावर थांबत नाही.

सारखेपणाचे गट

पहिले तंत्र 'इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग' या नावाने ओळखले जाते. एका रकान्यात भरता येणारी मूल्ये अगणित असतात. ती सगळी तपासणे अशक्य, म्हणून त्यांचे असे गट पाडायचे की, एका गटातील कोणतेही मूल्य आज्ञावलीने सारख्याच रीतीने हाताळावे. मग प्रत्येक गटातून एकेक प्रतिनिधी तपासला तरी पुरते. क्षेत्राच्या रकान्यासाठी पहिल्या विचारात तीन गट सुचतात : शून्य किंवा त्याहून कमी, शून्य ते ४ हेक्टर आणि ४ हेक्टरपेक्षा अधिक.

कागदी आखणी येथे संपते आणि शोध सुरू होतो. टेस्टर रकान्यात '2.5' भरतो, अर्ज ते स्वीकारतो. मग त्याच्या लक्षात येते की, मराठी कळफलकावरून लिहिणारा माणूस '२.५' असे देवनागरी अंकांत लिहील. हेही मूल्य शून्य ते ४ च्या गटातलेच आहे. पण आज्ञावलीच्या लेखी ती अक्षरे निराळी असतात. समजा, अर्जाने ते स्वीकारले, पण पोचपावतीवर क्षेत्राचा रकाना कोरा आला. एका गटाचे दोन गट झाले. हा दोष आखणीच्या तक्त्यात नव्हता, पण तो दिसल्याबरोबर तक्त्यात एक नवी ओळ आली आणि तीच ओळ आता वय, गट क्रमांक, कुटुंबातील माणसांची संख्या अशा प्रत्येक आकडी रकान्याला लावून पाहावी लागेल. शोधाने सापडलेली गोष्ट तंत्राने सर्वत्र पसरवायची, हे या जोडीचे खरे बळ.

पत्त्याच्या रकान्यातही असेच घडते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणजे २००९ सालच्या कागदावर तलासरी तालुका 'जिल्हा ठाणे' असा असेल आणि तो कागद तेव्हाही खरा होता, आजही खरा आहे. 'जिल्हा पालघर' एवढाच एक पर्याय ठेवणारा अर्ज जुना पुरावा नाकारील. पिनकोडवरून जिल्हा आपोआप ठरवण्याची युक्तीही तपासून पाहण्याजोगी आहे. पालघर जिल्ह्यातील वसईचा पिनकोड ४०१ ने सुरू होतो, तसाच मीरा रोडचाही होतो. मीरा रोड मात्र ठाणे जिल्ह्यात आहे. सीमेपलीकडे उंबरगाव आणि सिल्वासा येथील पिनकोड ३९६ ने सुरू होतात. सीमाभागात सोयरिकी राज्याच्या हद्दी पाहून होत नाहीत. पत्नीचा जन्माचा दाखला गुजराती लिपीत असू शकतो. संयुक्त नोंदणीची तरतूद वाचलेला टेस्टर हे नाव दोन लिपींत कसे जुळवले जाते, हा प्रश्न स्वतःहून विचारतो.

सीमेवर दबा धरून बसलेल्या चुका

गटांच्या मध्यभागी चुका सहसा नसतात. त्या असतात सीमेवर. म्हणून दुसरे तंत्र सीमेवरची मूल्ये तपासते. ४ हेक्टरची मर्यादा असेल तर ३.९९, ४.०० आणि ४.०१ ही तीन मूल्ये पाहायची. दिनांकाची मर्यादा असेल तर १२, १३ आणि १४ डिसेंबर २००५ हे तीन दिवस. कायद्याचा शब्द 'पूर्वी' असा आहे. त्यामुळे १२ डिसेंबरचा ताबा मर्यादेत बसतो, १३ डिसेंबरचा बसत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याने 'पेक्षा लहान' या चिन्हाऐवजी 'पेक्षा लहान किंवा समान' हे चिन्ह वापरले, तर हा एका दिवसाचा फरक पुसला जातो आणि मधल्या तारखांच्या हजार चाचण्या करूनही तो दिसत नाही.

सीमेचे भान सुटल्याने काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण ४ जून १९९६ चे आहे. युरोपचे एरियन-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, एका मिनिटाच्या आतच, नष्ट झाले. एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेत बसवताना ती तिथे मावली नाही, हे त्याचे मूळ कारण. तो भाग आधीच्या एरियन-४ मध्ये बिनचूक चालला होता, कारण त्या यानाच्या मार्गावर ती संख्या कधी इतकी वाढतच नव्हती. परिस्थिती बदलली आणि आजवर दूर असलेली सीमा अचानक जवळ आली.

अर्जातील सीमाही अशाच लपलेल्या असतात. क्षेत्र हेक्टर आणि आर अशा दोन रकान्यांत भरायचे असेल, तर १०० आर म्हणजे १ हेक्टर. मग '३ हेक्टर १०० आर' हे अर्ज स्वीकारतो का आणि स्वीकारले तर त्याची ४ हेक्टर अशी नोंद करतो का? जुन्या माणसाच्या तोंडी एकर-गुंठ्यांचा हिशेब असतो. ४० गुंठ्यांचा एक एकर आणि ४ हेक्टर म्हणजे सुमारे ९ एकर ३५ गुंठे. रूपांतर करताना दशांशस्थळे वर ओढली गेली, तर मर्यादेत असलेला दावा मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

दिनांकाच्या रकान्यातला प्रश्न याहून गंभीर आहे. जमीन कधीपासून कसता, या प्रश्नाचे उत्तर दिवस-महिना-वर्ष अशा स्वरूपात देणे फार थोड्यांना शक्य असते. अनेकांना वर्षच आठवते. समजा, अर्जाने फक्त '२००५' हे वर्ष स्वीकारले. आत मात्र आज्ञावलीला पूर्ण दिनांक लागतो, म्हणून ती उरलेला भाग स्वतः भरते. तिने १ जानेवारी २००५ धरले, तर दावेदार पात्र होतो. ३१ डिसेंबर २००५ धरले, तर तोच दावेदार अपात्र ठरतो. एका माणसाच्या जमिनीचा निर्णय कायद्याने नव्हे, तर आज्ञावली लिहिणाऱ्याने सहज निवडलेल्या एका मूल्याने झाला. तीन सीमामूल्यांचा तक्ता हा दोष दाखवत नाही. 'माणूस हे कसे सांगेल?' असा प्रश्न विचारणारा शोधच तो उघड करतो. तसेच ७५ वर्षांच्या वास्तव्याची अट १९३० सालापर्यंत मागे नेते. अनेक संगणकप्रणाली काळ १ जानेवारी १९७० पासून मोजतात आणि त्यापूर्वीचे दिनांक ऋण संख्यांत ठेवतात. वर्षांची यादी १९५० पासून सुरू झाली किंवा ऋण संख्या नाकारली गेली, तर त्या वर्गातील कोणालाच अर्ज पूर्ण करता येणार नाही.

निर्णयाचा तक्ता आणि चुकीचे 'बरोबर'

अनेक अटी एकत्र आल्या की निर्णयतक्ता उपयोगी पडतो. दावेदार अनुसूचित जमातीचा आहे का, ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा आहे का, ७५ वर्षांचे वास्तव्य आहे का आणि क्षेत्र ४ हेक्टरच्या आत आहे का, या चार प्रश्नांना प्रत्येकी 'होय' किंवा 'नाही' अशी दोन उत्तरे धरली, तर १६ संयोग होतात. कायद्यात इतरही अटी आहेत, पण रीत समजण्यासाठी चार पुरेत. दावेदार अनुसूचित जमातीचा असेल तर ७५ वर्षांचा प्रश्न गैरलागू ठरतो, म्हणून काही ओळी एकमेकींत मिसळतात. याचाच अर्थ आज्ञावलीने तिथे ७५ वर्षांचा पुरावा मागताच कामा नये. उधव्यातील वारली दावेदारासमोर तो रकाना सक्तीचा म्हणून आला, तर दोष तक्त्यावरून लगेच उघड होतो.

तक्त्याची अवघड जागा मात्र शेवटच्या स्तंभात असते, कारण तिथे अपेक्षित निकाल लिहायचा असतो. क्षेत्र ४ हेक्टरपेक्षा अधिक असेल तर काय? घाईने आखणारा लिहितो, 'दावा अमान्य'. आज्ञावलीही ४.०१ हा आकडा नाकारते. अपेक्षित निकाल आणि प्रत्यक्ष निकाल जुळले, टेस्टरने 'बरोबर' अशी खूण केली. पण कायद्याचे शब्द हक्काच्या क्षेत्राला मर्यादा घालतात. जास्त जमीन दाखवली म्हणून दावाच बाद करा, असे ते म्हणत नाहीत. साडेचार हेक्टर कसणाऱ्याचा ४ हेक्टरपर्यंतचा हक्क त्यामुळे नाहीसा होत नाही. येथे आज्ञावली चुकली, आखणी चुकली आणि दोन्ही चुका एकमेकींशी तंतोतंत जुळल्या. अशी चूक पकडायची असेल, तर टेस्टरने तक्त्यातून मान वर करून मूळ कायदा वाचला पाहिजे आणि 'या निकालानंतर या माणसाचे काय होईल?' असे विचारले पाहिजे. शोधक चाचणीची गरज सर्वांत तीव्रतेने भासते ती इथे.

दाव्याचा प्रवास

काही दोष एका पडद्यावर दिसत नाहीत. काळाच्या ओघात ते दिसतात. त्यांच्यासाठी स्थित्यंतराची आकृती काढतात. दावा ग्रामसभेपुढे जातो, तिथून उपविभागीय समितीकडे, मग जिल्हास्तरीय समितीकडे. ग्रामसभेच्या ठरावाने नाराज झालेल्याला ठराव झाल्यापासून ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते आणि तिच्या निर्णयाविरुद्ध आणखी ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे. प्रत्येक अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाता येते आणि कोणत्या अवस्थेत जाता येऊ नये, हे बाणांनी दाखवले की चाचण्या आपोआप सुचतात.

६० दिवसांच्या मुदतीला पुन्हा सीमेचे तंत्र लागते : एकोणसाठावा, साठावा आणि एकसष्टावा दिवस. शोध त्यापुढे जातो. ठराव झाला एका तारखेला, पण त्याची नोंद संगणकात तीन आठवड्यांनी झाली, तर आज्ञावली दिवस कुठून मोजते? ठरावाच्या दिनांकापासून की नोंदीच्या? आणि नोंद होईपर्यंत दाद मागण्याची कळच पडद्यावर दिसत नसेल, तर त्या तीन आठवड्यांची भरपाई कशी व्हायची?

मूळ कायद्याप्रमाणे जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम व बंधनकारक. आकृतीत तिथे पूर्णविराम. पण १८ मे २०२० रोजी महाराष्ट्राच्या राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखालील अधिकारात अधिसूचना काढली आणि राज्याच्या अनुसूचित क्षेत्रांत या निर्णयाविरुद्धही विभागीय स्तरावरील समितीकडे दाद मागण्याची वाट खुली झाली. तलासरीसारख्या तालुक्यासाठी आकृतीतील शेवटचा चौकोन शेवटचा राहिला नाही. ज्या आज्ञावलीत त्या टप्प्यावर दावा 'बंद' होत असेल, तिला नवा बाण जोडणे सोपे असते. अवघड असते ते त्याआधीच बंद झालेल्या दाव्यांना पुन्हा उघडणे. त्यातही काही दावे ठाणे जिल्ह्याच्या समितीने फेटाळलेले असतील आणि गाव आता पालघर जिल्ह्यात असेल, तर तो दावा कोणाच्या यादीत दिसतो, हा प्रश्न दोन बदलांच्या छेदावर उभा आहे. आकृती असे छेद दाखवते. त्यांवर जाऊन उभे राहणे हे शोधकाचे काम.

१०८ वरून ९ वर

वेळ नेहमीच अपुरा असतो. समजा, दावेदाराचा वर्ग २, वैवाहिक स्थिती ३ प्रकारची, भाषा २, उपकरणे ३ आणि इंटरनेटची अवस्था ३ प्रकारची : चांगली, अडखळणारी आणि बंद. सर्व संयोग १०८ होतात. अनुभव असा की, पुष्कळ दोष एखाद्या एका घटकामुळे किंवा दोन घटकांच्या जोडीमुळे उद्भवतात. म्हणून कोणत्याही दोन घटकांची प्रत्येक जोडी निदान एकदा यावी, एवढाच आग्रह धरला, तर याच उदाहरणात ९ चाचण्या पुरतात. या तंत्राला 'पेअरवाइज' म्हणतात. वाचलेला वेळ शोधासाठी वापरता येतो. नवव्या चाचणीत अडखळत्या इंटरनेटवर अर्ज दोनदा नोंदला गेला, असे दिसले तर टेस्टर यादी बाजूला ठेवतो, त्याच दोषाचा माग काढतो आणि तो केवळ त्या उपकरणापुरता आहे की सर्वत्र, याची खातरजमा करून परत यादीकडे वळतो.

नव्वद मिनिटांची वही

शोधक चाचणीवरचा सर्वांत मोठा आक्षेप हिशेबाचा आहे. आठवडाभर शोध घेतला, पण तपासले काय, याचे उत्तर वरिष्ठांना द्यायचे कसे? जेम्स व जोनाथन बाख या बंधूंनी २००० साली मांडलेली सत्रांची पद्धत या आक्षेपाचे उत्तर देते. काम साधारण ९० मिनिटांच्या अखंड सत्रांत विभागायचे. प्रत्येक सत्राला 'चार्टर' म्हणजे एक-दोन वाक्यांचा लेखी उद्देश असतो. पायऱ्या त्यात लिहिलेल्या नसतात. पुढे २०१३ मध्ये एलिझाबेथ हेंड्रिक्सन यांनी त्याचा सुटसुटीत साचा दिला : कशाचा शोध, कशाच्या साहाय्याने आणि काय जाणण्यासाठी.

आपल्या अर्जासाठी एक चार्टर असा होईल : 'क्षेत्र व दिनांक या रकान्यांचा शोध, १ ऑगस्ट २०१४ पूर्वीच्या व नंतरच्या कागदपत्रांच्या साहाय्याने, पात्र दावेदार चुकून बाद ठरतो का हे जाणण्यासाठी.' सत्र चालू असताना टेस्टर वहीत तीन गोष्टी लिहीत जातो : काय तपासले, काय बिघडलेले दिसले आणि कोणते प्रश्न पडले. 'काय तपासले' याच्यासमोर तंत्राचे नाव आणि मूल्ये लिहिली की, मोकळा शोधही मोजता येतो. किती वेळ प्रत्यक्ष चाचणीत गेला, किती दोषाचा माग काढण्यात आणि किती नुसत्या तयारीत, याची नोंद ठेवली जाते. सत्र संपल्यावर सहकाऱ्याशी किंवा प्रमुखाशी थोडक्यात चर्चा होते आणि पुढच्या सत्राचा उद्देश तिथेच ठरतो. वरच्या उदाहरणात पहिल्या सत्रात देवनागरी अंकांचा दोष दिसला, तर दुसऱ्या सत्राचा चार्टर आपोआप लिहिला जातो.

पडलेल्या प्रश्नांची यादी पुष्कळदा दोषांच्या यादीइतकीच मोलाची ठरते. 'फक्त वर्ष ठाऊक असेल तर काय करायचे?' या प्रश्नाचे उत्तर टेस्टरने स्वतः ठरवू नये. ते ठरवण्याचा अधिकार कायदा राबवणाऱ्यांचा आहे. टेस्टरचे कर्तव्य एवढेच की, तो प्रश्न अर्ज लोकांपुढे जाण्याआधी विचारला जावा आणि त्याचे उत्तर लेखी मिळावे.

तंत्र कुठे अपुरे पडते?

या साऱ्या तंत्रांना एक मर्यादा आहे. गट, सीमा, तक्ता, आकृती ही सर्व साधने टेस्टरला जे ठाऊक आहे, त्याचीच मांडणी करतात. ज्याने गुंठ्यांचा हिशेब ऐकलेला नाही, त्याच्या तक्त्यात गुंठे येणार नाहीत. ज्याला पालघर जिल्हा केव्हा झाला हे माहीत नाही, त्याच्या यादीत 'जिल्हा ठाणे' येणार नाही. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मिनिटाभरात शेकडो चाचण्या लिहून देतात. सीमामूल्ये आणि जोड्या काढण्याचे काम ती वेगाने करतात व ते स्वागतार्ह आहे. पण ४.०१ हेक्टरला 'दावा अमान्य' हा निकाल अपेक्षित म्हणून त्यांना पुरवला, तर त्या साऱ्या चाचण्या तीच चूक शेकडो वेळा 'बरोबर' ठरवतील.

म्हणून चाचणीच्या तयारीत मूळ कायदा वाचणे, जुने कागद डोळ्यांखालून घालणे आणि अर्ज भरून देणाऱ्या तलाठ्याशी, ग्रामसेवकाशी किंवा वनहक्क समितीच्या सदस्याशी अर्धा तास बोलणे यांचा समावेश असायला हवा. त्या संभाषणातून एखादा नवा गट, एखादी नवी सीमा हाती लागते. तंत्र तिला तक्त्यात जागा देते आणि त्या तक्त्यातून पुढचा शोध निघतो. शिस्त आणि शोध यांचे हे चक्र चालू राहिले, तर चाचणी केवळ दोष मोजण्याचे काम राहत नाही. अर्ज भरणाऱ्याची बाजू, तो त्या कार्यालयात हजर नसताना, मांडण्याचे ते एक साधन बनते. उधव्यातल्या दावेदाराला टेस्टरचे नाव कधी कळणार नाही. पण त्याने सांगितलेले २००५ हे वर्ष आज्ञावलीत कसे वाचले जाईल, हे कोणीतरी आधी विचारले होते की नाही, यावर त्याच्या जमिनीचा निर्णय अवलंबून राहू शकतो.